खड्ड्यांच्या रस्त्यासाठी टायर कुठल्या मापाचा? चाकावरचे आकडे वाचायची रीत

कोलाडच्या अलीकडे, रात्री साडेदहाला, एका पंक्चरवाल्याने आमचं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. खिळा सापडेल, दहा मिनिटांत निघू, असं मनात होतं. बुडबुडे आले ते रिमच्या आतल्या कडेवरून. त्याने अंगठ्याने तिथलं पाणी पुसलं आणि मोबाईलचा उजेड धरला. केसाएवढी बारीक चीर, बोटाच्या पेराएवढी लांब. मग त्याने टायरच्या बाजूवर आडवा पंजा ठेवून दाखवला. चार बोटं जेमतेम मावली. म्हणाला, "दादा, एवढ्याशा रबरावर हा रस्ता नाही झेपायचा."

गणपतीला गावी निघालो होतो. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, वर पाऊस. गाडी साधी हॅचबॅक, कंपनीतून १४ इंची रिमवर आलेली. सहा महिन्यांपूर्वी मी हौसेने १७ इंची अलॉय रिम आणि २०५/४५ मापाचे टायर बसवून घेतले होते. दुकानात कुणी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ओळखीत कुणी गाडी घेतली की मी आधी चाकाशी उकिडवा बसतो आणि त्यांनाही शेजारी बसवतो. खाली जे लिहिलंय ते त्या बसण्यातलंच. कागद, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढंच लागेल.

१. आधी दार उघडा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की मधल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. पुष्कळदा तिथे दोन मापं असतात, कारण त्याच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला वेगवेगळी चाकं येतात. ही दुसऱ्या मापाची ओळ फार मोलाची आहे. कंपनीने तुमच्याच गाडीवर तपासून मान्य केलेला तो पर्याय आहे. फोटो काढून ठेवा.

२०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ, कारण ही गाडी गल्लोगल्ली आहे. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. पुढची सगळी आकडेमोड याच दोन मापांवर करू.

२. आकडे वाचा

टायरच्या बाजूवर, समजा, असं लिहिलंय: १८५/६५ आर १५ ८८ टी.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही टक्केवारी आहे: टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या बाजूच्या रबराची, उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही आल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो, आणि त्यात काही चुकीचं नाही.

'आर' म्हणजे रिम असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो 'रेडियल'चा आर आहे. रेडियल टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात, पण बाजूच्या भिंतीत फक्त ते धागे आणि रबर. म्हणून भिंत लवचीक असते, धक्का गिळते. आणि म्हणूनच ती टायरची सगळ्यात नाजूक जागाही असते. खराब रस्त्याचा सगळा विषय या एका भिंतीभोवती फिरतो.

८८ हा भार पेलण्याचा सांकेतिक आकडा आहे, किलो नव्हे. ८८ म्हणजे एका टायरमागे ५६० किलो. ८२ म्हणजे ४७५, ८५ म्हणजे ५१५, ९१ म्हणजे ६१५. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०. आपल्या रस्त्यांवर या अक्षराची अडचण सहसा येत नाही, भाराच्या आकड्याची मात्र येऊ शकते. पाच माणसं, सामान आणि वर कॅरियर असं निघणाऱ्यांनी स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कधीही घेऊ नये, स्वस्तात मिळाला तरी.

३. भिंतीची उंची काढा

रुंदी गुणिले टक्केवारी भागिले शंभर. बस.

१६५/८० म्हणजे १३२ मिमी. १८५/६५ म्हणजे साधारण १२० मिमी.

आता चाकाचा पूर्ण व्यास काढू. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, एकदा वरची आणि एकदा खालची. १४ इंची चाक: ३५५.६ अधिक २६४, म्हणजे सुमारे ६२० मिमी. १५ इंची चाक: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे सुमारे ६२१.५ मिमी.

दोन्ही चाकं बाहेरून जवळजवळ एकाच उंचीची आहेत. रिम एक इंचाने वाढली तेवढं रबर कमी झालं. "मोठी चाकं टाकली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा चाक मोठं झालेलं नसतंच, आतलं धातूचं वर्तुळ तेवढं वाढलेलं असतं. हा एक मुद्दा डोक्यात बसला की दुकानात तुम्हाला कुणी सहज गुंडाळू शकत नाही.

हेच पुढे नेलं तर १९५/५५ आर १६ ची भिंत १०७ मिमी, आणि मी बसवलेल्या २०५/४५ आर १७ ची ९२. कंपनीच्या मूळ १३२ वरून मी ९२ वर आलो होतो. खड्ड्याच्या कडेवर आपटताना रस्ता आणि रिम यांच्यामध्ये तब्बल ४० मिमी रबर आणि हवा कमी. कोलाडची चीर तिथूनच आली.

नुसत्या टक्केवारीवर मात्र जाऊ नका. आल्टो ८०० चा टायर १४५/८० आर १२. ऐंशी टक्के ऐकायला छान वाटतं, पण भिंत भरते ११६ मिमीच, आणि चाकाचा व्यास सुमारे ५३७ मिमी. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि बाहेर येताना कडेवर जास्त जोराने आदळतं. म्हणून दोन आकडे सोबत पाहायचे: भिंत किती आणि पूर्ण चाक किती.

तसंच नुसत्या रिमच्या इंचांवरही जाऊ नका. क्रेटाची दोन मापं पाहा: २०५/६५ आर १६ ची भिंत १३३ मिमी, २१५/६० आर १७ ची १२९. फरक चारच मिलिमीटरचा, तिथे १७ इंची चाकाला घाबरायचं कारण नाही. इनोव्हा क्रिस्टात मात्र २०५/६५ आर १६ ची भिंत १३३ आणि २१५/५५ आर १७ ची ११८. इथे फरक १५ मिमीचा आहे, आणि गाडी भरलेली असताना तो जाणवतो.

माझा अनुभवाचा ठोकताळा असा: ज्याचं रोजचं जाणं-येणं फुटक्या रस्त्यावरून आहे त्याने १२० मिमीच्या खाली उतरू नये. १३० च्या आसपास असेल तर उत्तम. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ ची भिंत १६१ मिमी आहे आणि थारच्या २४५/७५ आर १६ ची जवळपास १८४. खेड्यापाड्यांत बोलेरो वर्षानुवर्षं का टिकली याची कारणं अनेक, त्यातलं एक तिच्या चाकातच दिसतं.

४. तुमचा खराब रस्ता कुठल्या प्रकारचा, ते ठरवा

"रस्ता खराब आहे" एवढ्यावर टायर निवडता येत नाही. एकट्या महाराष्ट्रातच चार-पाच तऱ्हांचे खराब रस्ते आहेत आणि प्रत्येकाचं मागणं वेगळं आहे.

पहिला, उखडलेला डांबरी रस्ता. डांबर गेलेलं, खालची काळ्या दगडाची खडी वर आलेली, खड्ड्याची कड कोयत्यासारखी. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतरच्या कितीतरी पावसाळ्यांत कोकणात जाणाऱ्यांनी हा प्रकार पुरेपूर भोगला. इथे लागते उंच भिंत आणि स्टिकरप्रमाणे भरलेली हवा. खास नक्षीच्या टायरचा इथे फारसा उपयोग नाही. साधा रस्त्याचा टायर, ज्याला दुकानदार एचटी म्हणतात, तोच चालतो, फक्त माप योग्य हवं.

दुसरा, जांभ्याचा रस्ता. कोकणात सड्यावरून वाडीकडे जाणारी वाट बघा. खाली खडबडीत जांभा, वर तांबडी माती. उन्हाळ्यात धूळ, पावसात तीच माती साबणासारखी होते. चढावर पुढची चाकं जागीच फिरतात. इथे टायरच्या खाचांची खोली महत्त्वाची. मोटारीच्या नव्या टायरला साधारण सात-आठ मिमी खाच असते, कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. मी मात्र पावसाळ्याआधी खाच तीन मिमीच्या खाली गेली असेल तर टायर बदलतो. झिजून गोटा झालेला टायर घेऊन जांभ्याच्या चढावर जाऊन बघितलंय, गाडी मागे घसरताना ब्रेक दाबूनही थांबत नाही.

तिसरा, काळ्या मातीचा. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची पाणंद. पहिल्या पावसानंतर ही माती टायरला अशी चिकटते की दोन मिनिटांत सगळ्या खाचा बुजतात आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. त्याहून वाईट म्हणजे ती चाकाच्या वरच्या पोकळीत ठासून भरते आणि चाकच जाम होतं. इथे रुंद टायर टाकणाऱ्यांची पंचाईत होते, कारण पोकळीत मोकळी जागाच उरलेली नसते. अरुंद टायर, आजूबाजूला बोटभर तरी फट, आणि पाऊस पडून गेल्यावर वाट थोडी वाळू देण्याचा धीर, एवढाच उपाय मला माहीत आहे. मोठमोठ्या गुटक्यांचे एमटी टायर चिखल फेकतात, पण ते चारचाकी ओढीच्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांसाठी. हॅचबॅकवाल्याने त्यांच्या नादी लागू नये.

चौथा, चाकोऱ्यांचा. सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या मोटारीच्या चाकाच्या अंतराशी जुळत नाहीत. एक चाक चाकोरीत, दुसरं उंचवट्यावर, मधला भाग गाडीच्या पोटाला घासतो. टायरची भिंत चाकोरीच्या कडेला घासत जाते आणि वाळलेल्या ढेकळातला दगड तिला कापतो. इथे चाकाचा पूर्ण व्यास आणि गाडीची जमिनीपासूनची उंची जास्त कामाची.

घाटातल्या पावसाबद्दल एकच सांगतो. वळणावर साचलेल्या पाण्यात रुंद टायर तरंगायला लागतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. रुंद म्हणजे पकड जास्त, हे कोरड्या, चांगल्या डांबरावर बऱ्याच अंशी खरं. आंबा घाटात जुलैमध्ये नाही.

एटी टायरचं काय, हा प्रश्न हमखास येतो. अर्धा रस्ता, अर्धी माती अशा वापराचा तो टायर. खाचा मोठ्या, भिंत बहुधा जाड. थार, जिम्नी, बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या मापात तो सहज मिळतो. पण वजन जास्त, आवाज जास्त, मायलेज थोडं कमी, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त घेतो. महिन्यातून दोनदा शेतावर जाण्यासाठी बाकीचे अठ्ठावीस दिवस हे सोसायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी साध्या टायरच्या बाजूचा आहे.

५. माप बदलायचंच असेल तर कितपत?

सगळ्यात सुरक्षित बदल म्हणजे स्टिकरवरच्या दुसऱ्या मापावर जाणं. वरचं मॉडेल घेतलंय आणि गावचा रस्ता छळतोय? त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलच्या रिम आणि टायर बसवून घ्या. स्विफ्टच्या हिशोबात १२० वरून १३२ मिमी भिंत मिळाली, वेगाचा काटा बिघडला नाही, व्यास तोच. फक्त एक खातरी करा: वरच्या मॉडेलला पुढचे ब्रेक मोठे असले तर लहान रिम त्यांना अडते. बसवण्याआधी रिम हाताने फिरवून बघायला लावा.

कंपनीने न दिलेलं माप घालायचं असेल तर पूर्ण व्यास मूळ चाकापेक्षा दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढू देऊ नका. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ घातला तर व्यास ६२१.५ वरून ६३४.५ होतो, म्हणजे २.१ टक्के वाढ. गाडी १३ मिमीने उचलली जाईल असं वाटतं, पण तसं नाही. जमिनीपासूनची उंची व्यासाच्या वाढीच्या निम्म्याने वाढते, म्हणजे साडेसहा मिमी. एका करंगळीच्या जाडीहून कमी. बदल्यात काटा ताशी १०० दाखवील तेव्हा गाडी १०२ ने धावत असेल आणि मीटरवर १०,००० किलोमीटर झाले तेव्हा प्रत्यक्षात १०,२१० झालेले असतील. चढावर इंजिनाला किंचित जास्त ओढावं लागेल. हा सौदा वाईट नाही, पण "टायर बदलले की गाडी उंच होते" ही आशा मनातून काढून टाका.

बसवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मग मागे तीन माणसं बसवून तसंच एका गतिरोधकावरून न्या. घासल्याचा आवाज आला तर तो घाटात, भरल्या गाडीत आणखी येणार. आणि माप बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, नंतरचा वाद टळतो.

चारचाकी ओढीच्या गाड्यांना एक जास्तीचा नियम. चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गोटे अशी जोडी चालवली तर ताण गिअरच्या खोक्यावर येतो, आणि तो खर्च टायरच्या कितीतरी पट असतो.

६. रिमचे आकडे

टायरइतकीच रिमही वाचावी लागते. तिच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले असतात. ५.५ जे १५ म्हणजे रुंदी साडेपाच इंच, व्यास १५ इंच. प्रत्येक टायर रिमच्या ठरावीक रुंदीतच नीट बसतो. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवला तर रिमची कड टायरच्या बाहेर डोकावते आणि फूटपाथचा पहिला ठोका तीच खाते.

पीसीडी म्हणजे नटांच्या वर्तुळाचं माप. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ४ × १००: चार नट, १०० मिमी वर्तुळ. क्रेटाला ५ × ११४.३. हे जुळलं नाही तर चाक बसतच नाही. जुळवण्यासाठी कुणी भोकं वाढवून देतो म्हणाला तर तिथून उठा.

मधलं भोक हे सगळ्यात दुर्लक्षित माप. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे अनेक गाड्यांना ते चालतं. स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाला, ५४.१ मिमीचं भोक लागतं. भोक मोठं असेल तर मध्ये बरोबर मापाची रिंग घालून घ्या, नाहीतर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

आणि ऑफसेट, रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे लिहिलेला. हा आकडा मूळपेक्षा कमी झाला की चाक गाडीच्या अंगाबाहेर सरकतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण, आणि चिखल थेट दारांवर. पाच-सात मिमीहून जास्त फरक घेऊ नका.

पोलादी की अलॉय? फुटक्या रस्त्याला मी डोळे झाकून पोलादी म्हणेन. पोलादी रिम आदळली तर वाकते, आणि खेड्यातला पंक्चरवाला ती हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतकी सरळ करून देतो. अलॉय वाकतं तसं चिरतंही. चिरलेलं अलॉय वेल्डिंग करून देणारे गावोगाव आहेत, पण तसं चाक पुढच्या बाजूला लावून घाट उतरायला मी तयार नाही. अलॉय वजनाला बहुधा हलकं आणि दिसायला देखणं, हे मान्य. हवंच असेल तर कंपनीचं मूळ अलॉय, मूळ मापात ठेवा. नवीन अलॉयचे नट वेगळे असू शकतात. जुने नट तसेच आवळू देऊ नका, नटाचं बूड आणि रिमची खोबण जुळलीच पाहिजे. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या.

७. दुकानात

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, आतल्या बाजूचे असतील तर बसवण्याआधी वाचा. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर हरकत नाही, दोन वर्षं गोदामात पडलेला मी परत करतो. वापरातला टायर खाच शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी बारकाईने तपासावा. गावी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या भिंतींवर बारीक भेगा पडतात, त्या खाचेत दिसत नाहीत.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. पुढच्या चाकांची ओढ असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

स्टेपनीचं माप बघायला विसरू नका. अनेक गाड्यांत वरच्या मॉडेलची स्टेपनी खालच्या मॉडेलच्या मापाची असते, काहींत तर पातळ, तात्पुरती. केंद्र सरकारने २०२० साली केलेल्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असलेल्या, ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. किटने खिळ्याचं पंक्चर निघतं, फाटलेली भिंत आणि चिरलेली रिम नाही. गावी जाणाऱ्याने स्टेपनी असलेलीच गाडी पाहावी. जाता जाता: 'स्टेपनी' हा शब्द आपल्याकडे वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक बनवलं होतं.

८. हवा

खराब रस्ता म्हणून हवा कमी करायची, ही सवय घराघरांत आहे. धक्के कमी लागतात हे खरं, पण कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर पार दबतो, भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. वाळूत किंवा मऊ मातीत अडकल्यावर, अगदी हळू चालवताना हवा उतरवणं वेगळं. दगडी रस्त्यावर स्टिकरचाच आकडा ठेवा. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा, जो मागच्या चाकांना बहुतेक जास्त असतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दोन तास चालल्यावर दाब तीन-चार अंकांनी (पीएसआय) वाढलेला दिसणारच, तो कमी करून घेऊ नका. नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे वाचवा आणि चांगला हातातला गेज घ्या.

९. खड्ड्यात जोरात आदळल्यावर

ब्रेक दाबून ठेवून खड्ड्यात जाऊ नका. खड्डा टळणार नाही असं दिसलं की आधी वेग उतरवा आणि कडेवर चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा, म्हणजे पुढची स्प्रिंग मोकळी राहते.

आदळलात तर पुढे सुरक्षित जागी थांबा. टॉर्च लावून टायरच्या दोन्ही भिंतींवरून तळहात फिरवा. आतली भिंत जास्त मार खाते आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. लिंबाएवढा फुगा हाताला लागला तर आतले धागे तुटलेत आणि हवा आता नुसत्या रबराने अडवून धरली आहे. त्याला पॅच नसतो, भोकात घालायची रबरी वादी नसते, आत ट्यूब घालूनही तो सुधारत नाही. स्टेपनी लावा. मग रिमच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. वाकलेली असेल तर लागतंच. चीर शोधायला थोडं साबणाचं पाणी ओता आणि मिनिटभर बघा.

काही न सापडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाकाची हवा मोजा. रात्रीतून दोन-तीन अंक उतरली असेल तर ते चाक खोलून, टाकीत बुडवून घ्या. कोलाडच्या त्या रात्रीआधी चार दिवस आमची हवा अशीच थोडी थोडी उतरत होती आणि मी रोज पंपावर भरून घेत होतो.